फोटोवाल्यांनी मला दिलेला चेहरा

फोटोवाले वारल्याचं मला टेलिफोनवर कळलं. शेवटची वर्षं ते बहिणीकडे राहत होते, तिनंच फोन केला. बोलता बोलता म्हणाली, "फार हाल झाले हो बिचाऱ्याचे. सगळं बघितलेलं, आणि मग असं. तुमचं वेगळं. तुम्हाला जन्मापासूनच सवय." मी हो हो म्हटलं. नुकतंच माणूस गेलेल्या घराशी भांडायचं नसतं, नाहीतर जिभेवर बरंच काही आलं होतं.

सवय म्हणे! जसं काही मी लहानपणी रोज थोडं थोडं आंधळं व्हायचा सराव करत होते. अहो, जे कधी नव्हतंच त्याच्या नसण्याची सवय कशी लागेल? तुम्हाला शेपूट नसल्याची सवय झाली का? सवय फोटोवाल्यांना करावी लागली, आणि ती त्यांना शेवटपर्यंत झाली नाही. हे मी सांगू शकते, कारण त्यांच्यासोबत मी एका खोलीत काम केलंय. त्यांनी मला लग्नाचंही विचारलं होतं. लोक त्याबद्दल काहीबाही बोलायचे, म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या डार्करूममध्ये होते. तेव्हा एक्स-रे काढला की लगेच पडद्यावर दिसत नसे. फिल्म असायची, ती अंधारात धुवावी लागायची, आणि अंधारात काम करायला आंधळं माणूस काय वाईट, असं कुणा भल्या माणसाच्या डोक्यात आलं. माझं पोट त्यावर चाललं. एक्स-रेवाले साहेब पलीकडून भिंतीतल्या पेटीत कॅसेट, म्हणजे फिल्मचा बंद डबा, ठेवायचे आणि टकटक करायचे. मी इकडून झाकण उघडून कॅसेट घ्यायची, फिल्म काढायची, लोखंडी चौकटीला चिमट्यांनी ताणून लावायची आणि पहिल्या टाकीत सोडायची. घंटी वाजली की पाण्यात, मग आंबूस वासाच्या टाकीत, मग वाहत्या नळाखाली. छातीची फिल्म मोठी, बोटांची लहान. साहेब नवीन आले तेव्हा मला म्हणाले होते, "बाई, डोळ्यांत तेल घालून काम करा हं, पेशंटचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "घालते की. तेल तेवढं तुम्ही आणून द्या." तेव्हापासून बिचारे माझ्याशी जपूनच बोलायचे.

त्या खोलीत मी एकटीच असायची. दोन दारं, मधे बोळ, म्हणजे उजेड आत येऊ नये. उजेड येत नाही तिथं माणसंही येत नाहीत. सकाळी आत गेले की संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणारी ती टकटक तेवढी. कधी कधी मी उगाच मोठ्यानं म्हणायची, "आली आली," जणू कुणी दार वाजवतंय.

फोटोवाले आले ते थंडीच्या दिवसांत. बोळातून कुणीतरी भिंतीला तळवा घासत घासत येतंय असं ऐकू आलं. मग धडपड, टाकीवर गुडघा आपटला, आणि "आई गं!"

"कोण आहे?"

"मी. नवीन. आजपासून इथं नेमलंय मला." आवाज चांगला होता, खर्जातला. "फोटोचा स्टुडिओ होता माझा. अंधारात हे सगळं मी आयुष्यभर केलंय, तेव्हा काम शिकवायला नको. फक्त वस्तू कुठं आहेत ते दाखवा."

"दाखवा" म्हणाले. मी हात धरून एकेक टाकी दाखवली. त्यांचा हात ओलसर होता आणि प्रत्येक वस्तूला लागताना आधी थोडा मागे यायचा. जन्मांधाचा हात असा मागे येत नाही. माझा हात सरळ जाऊन वस्तूवर पडतो, त्याला दुसरं काही माहीतच नाही. त्यांचा हात डोळ्यांची वाट बघत थांबायचा, आणि मग एकटाच पुढं जायचा.

सगळं दाखवून झाल्यावर भिंतीवर खट् असा आवाज झाला.

"काय केलंत?"

"लाल दिवा लावला. फिल्मला तो चालतो."

"फिल्मला चालतो हो, पण लावलात कुणासाठी?"

मला वाटलं, ते रागावले. मग एकदम हसायला लागले, इतके की पलीकडून साहेबांनी विचारलं, काय झालं. मग मीही हसले. त्या खोलीत माझ्याशिवाय दुसऱ्याचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

हळूहळू त्यांची सगळी गोष्ट कळली. त्यांचे डोळे काचबिंदूनं गेले, आणि ते मधून नाही, कडेनं गेले. आधी कडा गेल्या. त्यांना पत्ताच नाही. समोरचं नीट दिसतंय, मग काय, फोटो काढतायत. पण कॅमेऱ्याला कडा दिसायच्या. कुटुंबाचा झकास फोटो निघावा, आणि छापल्यावर एका कडेला बादली आणि केरसुणी. एकदा तर म्हणे एका बड्या माणसाच्या फोटोत मागं कोपऱ्यात त्याचाच ड्रायव्हर नाकात बोट घालून उभा. गिऱ्हाइकं भडकायची. फोटोवाले त्यांच्यावरच उलटायचे, "मी काढला तेव्हा इथं बादली नव्हती!" आणि त्यांच्या हिशेबानं खरंच नव्हती. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, नस सुकत चाललीय, आता जेवढं दिसतंय तेवढं बघून घ्या. बघून घ्या म्हणजे काय, हे काय पंगतीत वाढलेलं आहे? पण ते खरोखर बघत बसायचे म्हणाले. भिंत बघायचे, चमचा बघायचे. उजेडाचं भोक बारीक बारीक होत गेलं आणि बुजलं.

"कडा म्हणजे काय?" मी विचारलं.

"बघण्याला कड असते. त्याच्या पलीकडचं दिसत नाही."

मला हे काही केल्या समजेना. मला वाटायचं डोळसांना सगळं दिसतं. पाठीमागचंही. लहानपणी मी आईला विचारायची, "मी काय करतेय सांग," आणि ती पाठमोरी असताना चुकली की वाटायचं, आई लबाडी करतेय.

एकदा ते म्हणाले, "या अंधाराचा कंटाळा आलाय हो."

मी चिडले. "कसला अंधार? मला नाही दिसत अंधार. अंधार दिसायलाही डोळे लागतात. तुमच्या टाचेला काय दिसतं सांगा बरं? काळं दिसतं?"

"टाचेला कुठं काय दिसणार?"

"मग तेच. मला सगळीकडे टाच आहे."

यावर ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, तुम्ही सुखी आहात." हे म्हटलं की माझं डोकंच फिरतं. घरी वहिनीही तेच म्हणते. तुझं बरं आहे, तुला काय गेलं ते माहीत नाही. अगं, मग माझ्याशी बोलताना सगळ्यांचा आवाज एवढा मऊ का होतो? खोलीत मी आले की गप्पा का थांबतात? जे मला माहीत नाही ते माझ्याभोवतीच्या प्रत्येकाला माहीत आहे, हे तर मला माहीत आहे ना! म्हणींमध्येसुद्धा आम्हाला धड जागा नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. माझ्या डब्याला आजवर कुत्रं शिवलेलं नाही. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी एकही मागितला नाही. काय मागायचं तेच माहीत नाही तर मागू काय?

फोटोवाले मात्र मागायचे. देवाकडे, डॉक्टरांकडे, कोणाकडेही. सकाळी उठल्यावर एक क्षण वाटतं, आज डोळा उघडलाच नाहीये, उघडला की दिसेल, असं म्हणायचे. त्यांना स्वप्नात दिसायचं. रंगीत स्वप्नं पडायची. मला स्वप्नात आवाज येतात, वास येतात, कुणीतरी हात धरतं, पाय घसरतो. मी त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुमच्या स्वप्नात कुणी येत नाही?" अहो येतं ना! हात धरतं ते कोण?

आम्ही जेवण सोबत करायला लागलो. मागच्या जिन्यावर, जिथं ऊन येतं. चहा ओतताना कपात बोट धरायचं मी त्यांना शिकवलं. भिंत जवळ आली की आवाज दाटतो हे ओळखायला शिकवलं. ते जमेना त्यांना. म्हणायचे, "डोळे होते तेव्हा मी कुणाचं नीट ऐकलंच नाही." ते मला फोटो म्हणजे काय ते समजावून सांगायचे. अख्खं घर एवढ्याशा कागदावर कसं मावतं? म्हणाले, लांबून बघितलं की घर लहानच दिसतं. माणूसही लांब गेला की लहान होत होत ठिपक्याएवढा होतो.

"म्हणजे तुमचं माणूस गेलं तरी थोडं थोडं दिसत राहतं?"

"वळणावर दिसेनासं होईपर्यंत दिसतं."

मला त्याचा फार हेवा वाटला. माझ्याकडे कुणी लहान होत नाही. बोलणं थांबलं, पावलं थांबली की माणूस नाहीच. दादा कामावर निघताना वहिनी दारात उभी राहते, बराच वेळ. मला कधी कळायचं नाही की दार लावून घ्यायला इतका वेळ का लागतो. त्या दिवशी कळलं.

पण त्यांचंही एक दुःख होतं, आणि ते त्यांनी मला एकदा कापऱ्या आवाजात सांगितलं. ते चेहरे विसरायला लागले होते. आईचा चेहरा गेला होता. रोज आठवून आठवून झिजला म्हणाले, पायरी झिजते तसा. आधी नाक पुसट झालं, मग डोळे, आता नुसता पदर उरलाय आणि त्याच्यात काही नाही. मी म्हटलं, माझी आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण ती आहे तशी आहे. तिचा खोकला आहे, हाक मारताना शेवटचं अक्षर ओढायची ते आहे, तळहाताला चीर होती ती माझ्या गालाला अजून लागते. ती कुठं झिजलीय?

"तुमची आई आवाजात आहे," ते म्हणाले. "माझी चेहऱ्यात होती. तिचा आवाज मला आठवतच नाही."

मग हॉस्पिटलमध्ये बातमी आली की नवं मशीन येणार, फिल्मची कामं बंद. मला टेलिफोनच्या बोर्डावर बसवणार होते. फोटोवाल्यांचं वय झालेलं, त्यांना घरी पाठवणार. त्या दुपारी जिन्यावर ते काही खाईनात.

"घरी बसून मी बोलू कुणाशी?"

"भिंतीशी. नाहीतरी तिच्यावर हात फिरवत असताच."

माझा विनोद पडला. ते खाली मान घालून बोलत होते, आवाज पायरीकडून येत होता. "तू येतेस का माझ्याकडे राहायला? म्हणजे रीतसर. लग्न करून."

मी चाळिशी ओलांडलेली बाई. मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारेल असं घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्या मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. "रविवारी तुमच्याकडे येऊन सांगते," एवढंच मी म्हणू शकले.

घरी सांगितलं तर वहिनी म्हणाली, "अगं बाई!" आणि खुर्ची ओढून बसलीच. मग म्हणे, "पण दोघंही तसेच. घरात एक तरी डोळा नको का?"

"डोळा काय भाजी चिरतो? एवढी वर्षं या घरात मीच चिरतेय ना?"

"तसं नाही गं. आगीबिगीचं म्हणते मी."

दादा बोलायच्या आधी घसा साफ करतो. तो साफ करून झाल्यावर म्हणाला, "त्यांना माहीत आहे ना, तू... म्हणजे दिसायला कशी आहेस ते?"

वहिनी त्याच्यावर ओरडली. पण त्यानं विचारलं ते खोटं नव्हतं. माझे डोळे आत गेलेले आहेत, खाचा आहेत नुसत्या. पोरं घाबरतात. बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसते, ते मला आसनाच्या हलण्यावरून कळतं. माझ्याशी बोलायच्या आधी माणूस मला बघतो, आणि बघितलं की त्याचं माझ्याबद्दल सगळं ठरून जातं. मग मी कितीही बोलू दे.

"त्यांनी मला बघितलेलंच नाही, दादा," मी म्हटलं. "म्हणून तर!"

हेच होतं माझ्या मनात. जन्मात पहिल्यांदा असा माणूस भेटला होता, जो माझ्या आवाजाशी बोलायचा, माझ्या बोलण्यावर हसायचा, माझ्याशी भांडायचा. मी लोकांना जशी ओळखते तसं मला ओळखणारा कुणी आहे, असं मला वाटलं. लग्न बिग्न नंतरचं. मला ते हवं होतं.

रविवारी दुपारी दादानं मला त्यांच्या दारापर्यंत सोडलं, तासाभरानं येतो म्हणाला. जुन्या स्टुडिओची मागची खोली त्यांनी स्वतःला ठेवली होती. पुढच्या भागात एक टेलर होता, मधे लाकडी पार्टिशन, पलीकडे शिलाई मशीन चालू. खोलीला कोंदट कागदाचा वास. भिंतीवर मी हात फिरवला तर नुसते खिळे, ओळीनं. फोटो काढून ठेवलेले. मी हो म्हणायला गेले होते. बसमध्ये ओठांतल्या ओठांत म्हणूनही बघितलं होतं, कसं वाटतं ते.

त्यांनी चहा केला, कपात बोट धरून ओतला. चहात साखर टाकायची राहिली होती. मी म्हटलं, "साखर बोटालाच लावून ठेवली का?" आणि हसले.

"हसलीस की तुझ्या डाव्या गालाला खळी पडते," ते म्हणाले. "फार छान दिसतेस तेव्हा."

मी गालाला हात लावला. वहिनीच्या मुलीला खळी आहे, लहानपणी मी तिच्यात बोट घालायची, तेव्हा खळी म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. मी उगाच हसून बघितलं. डावीकडे काही नाही. उजवीकडेही नाही.

"माझ्या गालाला खळी नाही, फोटोवाले."

"असते. हसताना आपलं आपल्याला कळत नाही."

"माझा गाल माझ्या हाताखाली आहे. नाही म्हणजे नाही."

ते हळू म्हणाले, "मग ती तिची असेल."

"कुणाची?"

त्यांनी सांगितलं ते असं. डोळे गेल्यावर जे जे माणूस भेटलं, त्याच्या आवाजावर आपोआप एक चेहरा येऊन बसायचा. ते बोलवायचे नाहीत, तो यायचा. जुन्या साठ्यातला कुठलाही. एक्स-रेवाल्या साहेबांना त्यांच्या शाळेतल्या मास्तरांचा चेहरा होता. चहावाल्याला एका मेलेल्या चुलतभावाचा. "नुसत्या आवाजाशी मला बोलताच येत नाही. खुंटीवरच्या शर्टाशी बोलल्यासारखं वाटतं. तुला नाही कळायचं."

"आणि मी? मला कुणाचा?"

"एक गिऱ्हाईक होतं. नावही आठवत नाही. एकदा फोटो काढून गेली, न्यायला आलीच नाही. पण काय फोटो निघाला होता तो! उजेड अगदी गालावर येऊन थांबलेला. माझ्या हातून तसा दुसरा निघाला नाही. मी तो शोकेसमध्ये लावला. रोज काच पुसायचो. म्हणून तो टिकला. आईचा गेला, बहिणीचा गेला, माझा स्वतःचा गेला. तो एकच शाबूत राहिला, आणि तुझा आवाज ऐकला त्या पहिल्या दिवशी तो तुझ्यावर येऊन बसला. माझ्याकडचा सगळ्यात चांगला चेहरा तुला दिलाय मी."

रागावून उठावं, तर माणूस आपल्या ट्रंकेतली सगळ्यात जपलेली वस्तू काढून देत होता. पण जिन्यावर उन्हात बसून ज्याच्याशी भांडले, हसले, आईचा खोकला ज्याला सांगितला, तो सगळा वेळ दुसऱ्याच एका बाईकडे बघत होता. जिला खळी होती. जी फोटो न्यायलाही आली नाही.

त्यांनी कुठूनतरी चौकट काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "हीच ती. बघ."

मी बघितलं, म्हणजे बोटं फिरवली. लाकडी कड, मग काच. गार, सपाट काच. नाक नाही, ओठ नाहीत, काही नाही. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सारखीच. हिच्यासाठी एवढं!

"आता तुम्ही मला बघा," मी म्हटलं. "हात लावून. माझ्या तोंडाला. मी कशी आहे ते तुम्हाला कळू दे. मग मी हो की नाही ते सांगते."

"नको गं."

"लाजताय?"

"लाज नाही. तो चेहरा मोडला तर? मग माझ्याकडे काहीच उरणार नाही."

"मी उरेन की!"

मग ते उठले. नळ सुरू झाला, त्यांनी हात धुतले, पुसले, आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मी ठरवलं, तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलले की तीच येते. आवाज बंद ठेवला तर मीच सापडेन, दुसरं कोण सापडणार?

त्यांची गार बोटं माझ्या कपाळावर आली. भुवयांवर आली. डोळ्यांपाशी थबकली, पण पळाली नाहीत. नाक, ओठ, हनुवटी, कानांच्या पाळ्या, सगळं त्यांनी सावकाश चाचपलं. माझ्या तोंडाला वहिनीशिवाय कुणाचा हात लागत नाही, आणि तोही ताप बघायला. मला रडू यायला लागलं, पण त्याचाही आवाज होऊ दिला नाही. मला वाटलं, आता कळतंय यांना. आता म्हणतील, अशी आहेस होय तू! पलीकडे मशीन थांबलं. बोटं माझ्या गालांवर तशीच होती, आणि त्यांनी मान वळवली. त्यांचा आवाज माझ्या डोक्यावरून दाराकडे गेला.

"कुठं गेलीस?" ते म्हणाले. घाबरले होते. "अगं, बोल ना. कुठं गेलीस तू?"

माझं तोंड त्यांच्या दोन्ही हातांत होतं.

"इथंच आहे," मी म्हटलं.

"आलीस!" त्यांनी मोठा श्वास सोडला आणि हात काढून घेतले. "सगळं काळं झालं होतं गं. आता आलीस परत." इतका आनंद होता त्या आवाजात की त्याच्यावर पाणी ओतायचं माझ्या जिवावर आलं.

"फोटोवाले, मला नाही जमायचं," मी म्हटलं.

"का? ती फोटोतली आहे म्हणून? अगं, ती एक शब्द बोलत नाही. आवाज तर तुझाच आहे."

"आवाज तेवढा," मी म्हटलं, आणि चौकट चाचपून टेबलावर ठेवली.

दादा यायला अजून वेळ होता. मी चपला घालून पार्टिशनला वळसा घातला. टेलर बिचारा भला होता, काही न विचारता त्यानं स्टूल सरकवलं. मी त्याच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसले. आतून फोटोवाल्यांचा आवाज आला, "आहेस का गं अजून?"

"बाई, काका हाक मारतायत तुम्हाला," टेलर म्हणाला.

मी ओठ घट्ट मिटले आणि दादाची वाट बघत बसले.